पटावरचे नाव

फाल्गुन सरत आला की बालाघाटाच्या डोंगरउतारांवर पळस फुलतो. पाने गळून गेलेल्या त्या झाडांवर केशरी फुलांचे घोस लागतात. कडुनिंबाला नवी पालवी फुटते आणि पाडव्याच्या सुमारास त्याच्या बारीक, पांढऱ्या मोहराचा गंध वाऱ्यावर पसरतो. बीड जिल्ह्यातील पाटोदा, धारूर, शिरूर कासार ही या डोंगराळ मुलुखातील तालुक्याची लहान गावे होत. येथील जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. म्हणून दसरा-दिवाळी झाली की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील हजारो कुटुंबे ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. साखर कारखान्यांचे गाळप संपले म्हणजे ती वसंतात घरी परततात.

अशाच एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत एक बाई पाचवीच्या वर्गाला शिकवतात. ऊन वाढू लागले की शाळा सकाळची होते. मग बाईंचा दिवस पहाटेच सुरू होतो. घरचे पाणी भरून, भाकऱ्या थापून त्या निघतात, तेव्हा पूर्वेकडे नुकते तांबडे फुटलेले असते. शाळेच्या आवारात पोचल्यावर त्या प्रथम पाण्याचा हौद पाहतात. कारण चैत्रात गावच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो. मुले रांगेत उभी राहतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना होते व वर्ग भरतात.

बाई हजेरी घेऊ लागतात. पटावर जेवढी नावे आहेत तेवढी मुले कार्तिकापासून वर्गात नसतात. तरीही बाई प्रत्येक नाव स्पष्ट उच्चारतात. ज्या नावाला कोणी उत्तर देत नाही, त्या वेळी मागच्या बाकावरून आवाज येतो, “ऊसतोडीला गेली, बाई!” बाई मान हलवतात आणि पुढचे नाव घेतात. एकदा एका मुलाने विचारले, “बाई, ती इथं नाही हे ठाऊक असताना रोज नाव कशाला घ्यायचं?” बाई म्हणाल्या, “अरे, घरचं माणूस परगावी गेलं म्हणून आपण त्याचं नाव घ्यायचं सोडतो का?” त्या दिवसानंतर तो प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही.

ऊस तोडणाऱ्यांचे जीवन कष्टाचे असते. पती-पत्नी मिळून जी जोडी काम करते, तिला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी त्या जोडीला सबंध हंगाम राबावे लागते. पहाटेच्या थंडीत फडात शिरून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून न्यायच्या, असा त्यांचा नित्यक्रम असतो. उघड्या माळावर उभारलेल्या कोपीत त्यांचा संसार असतो. आईबाप फडात गेले की धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे आणि पाणी आणण्याचे काम थोरल्या मुलीवर येते. अशा मुलीचे दप्तर बहुधा गावीच खुंटीला टांगलेले असते.

पाडव्याच्या दोन दिवस आधी वर्गातील अशीच एक मुलगी परत आली. पायांना भेगा पडलेल्या, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. ती दाराशीच घुटमळली. बाईंनी हजेरीपटातील तिच्या नावावर बोट ठेवून तिला जवळ बोलावले. “हे बघ, तुझं नाव आहे तिथंच आहे,” त्या म्हणाल्या. मुलीने ते अक्षर न् अक्षर लावून वाचले आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

परंतु जागा मिळाली म्हणून अभ्यास भरून निघत नाही. इतर मुले अपूर्णांक शिकून पुढे गेली होती. वाचताना ती अडखळे, तेव्हा काही मुले हसत. चार दिवसांतच ती मान खाली घालून बसू लागली. बाईंच्या हे ध्यानात आले. त्यांनी गणिताच्या तासाला फळ्यावर एक उदाहरण लिहिले : ‘एका बैलगाडीत २ टन ऊस मावतो. एका कुटुंबाने ५ गाड्या ऊस भरला, तर तो किती क्विंटल झाला?’ वर्गातील हुशार मुले विचारात पडली. कोणी दहा म्हणाले, कोणी एक हजार. ती मुलगी मात्र पुटपुटली, “शंभर.”

“कसे काय?” बाईंनी विचारले.

ती उभी राहिली. “दहा क्विंटलांचा एक टन, बाई. पाच गाड्यांचे दहा टन झाले. मग शंभर क्विंटल. वजनाची पावती आली की बाबा मलाच बघायला लावतात.”

वर्ग शांत झाला. बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावून ते उदाहरण सर्वांना समजावून सांगण्यास लावले. त्या दिवसापासून तिच्या अडखळण्यावर कोणी हसले नाही. मधल्या सुट्टीत खिचडी खाताना दोन मुली आपणहून तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी तिला अपूर्णांक शिकवायला घेतले.

अकरा-साडेअकराला शाळा सुटते, पण बाईंचा दिवस तेथे संपत नाही. पोषण आहाराची नोंद करायची, प्रगतिपुस्तके भरायची, प्रश्नपत्रिकांची तयारी करायची. शिवाय पहिलीत येण्याजोग्या मुलांची नावे नोंदवण्यासाठी घरोघर फिरायचे. ऊन उतरल्यावर बाई या फेरीस निघतात. त्या संध्याकाळी त्या गावाबाहेरच्या वस्तीवर त्या मुलीच्या घरी गेल्या.

आईने सतरंजी अंथरली व पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. वडील म्हणाले, “बाई, पोरगी हुशार आहे, ते आम्हाला कळतंय. पर दसऱ्याला आम्ही निघालो म्हणजे बारकं कुणाच्या जिवावर ठेवायचं? ती नसली तर हिला घरी बसावं लागतं. मग अर्धा कोयता घेऊन मुकादम कामाला नेतोय व्हय?”

यात खोटे काहीच नव्हते. बाईंनी ते नाकारले नाही. त्या आईकडे वळून म्हणाल्या, “ताई, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?”

“मी कुठली शिकते? माझ्या आईसंगं मी पण फडावरच होते.”

“मग वजनाची पावती कोण वाचतं?”

आईने लेकीकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

बाईंनी मग सविस्तर सांगितले. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावीच राहून शिकता यावे, म्हणून शासनाच्या योजनेतून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. तेथे मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. रात्री ती आजीजवळ राहू शकेल. बारक्याचा प्रश्न मात्र उरतच होता. तो सोडवण्याचा उपाय बाईंजवळ नव्हता. पुष्कळ वेळाने वडील म्हणाले, “परीक्षेपर्यंत रोज धाडतो. पुढचं दसऱ्याला बघू.” बाईंनी तेवढ्यावर समाधान मानले व त्या पुढच्या घरी गेल्या.

या एका मुलीसाठी बाईंनी इतकी धडपड का करावी? मुलांना शाळेत आणण्याची ही खटपट फार जुनी आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले आणि निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. संसदेने २००९ साली केलेला शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, असे हा कायदा सांगतो. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. तिला अनुसरून महाराष्ट्रात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी व आठवीच्या मुलांना वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते; अनुत्तीर्ण झालेल्यास पुन्हा एकदा संधी मिळते. म्हणूनच सहा महिने फडावर राहिलेल्या मुलीला चैत्रातला एकेक दिवस मोलाचा असतो. कायदा हक्क देतो; पण तो हक्क डोंगरावरच्या वस्तीपर्यंत कोणीतरी चालत जाऊन पोचवावा लागतो. वसंताच्या दिवसांत बाई हेच काम करीत असतात.

एप्रिल महिना उजाडला. शाळा सुटल्यावर बाई त्या मुलीसह फडावरून आलेल्या आणखी चार मुलांना कडुनिंबाच्या सावलीत तासभर शिकवू लागल्या. वर्गातील दोघे-तिघे मदतीला थांबत. परीक्षा झाली. १ मे रोजी ध्वजवंदनानंतर निकाल लागला. ती मुलगी फार वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली नाही. परंतु उत्तीर्ण झाली. तिने प्रगतिपुस्तक आईच्या हाती दिले. आईने ते उलटसुलट करून पाहिले आणि पदरात जपून बांधले.

सुट्टी लागली, तेव्हा बाईंनी सहावीच्या पटासाठी नावांची यादी तयार केली. दसऱ्याला काय होईल, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी त्या मुलीचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले आणि त्याखाली पुढचे नाव लिहावयास घेतले.

अभ्यास

१. गैरहजर मुलीचे नाव बाई रोज का घेत असत? त्यांचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘एक कोयता’ म्हणजे काय? मुलगी घरी राहिल्यास वडिलांपुढे कोणती अडचण उभी राहणार होती?
३. “मग वजनाची पावती कोण वाचतं?” या प्रश्नावर आई का बोलली नाही?
४. दसऱ्याला त्या मुलीच्या आईवडिलांनी काय करावे, असे तुम्हांस वाटते? दोन्ही बाजूंचा विचार करून दहा ओळी लिहा.
५. तुमच्या वर्गातील कोणी विद्यार्थी फार दिवस गैरहजर असेल, तर तुम्ही त्याला कोणते साहाय्य कराल?