कासवाची भूमिती : मुलांसाठी एक मुक्त आज्ञावली

संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर, म्हणतात. मुलांसाठी म्हणून शाळांतून येणाऱ्या पुष्कळशा आज्ञावल्या पाढे विचारतात, उत्तर बरोबर आले की टाळ्या वाजवितात आणि चुकले की फुली दाखवितात. पाठांतरास त्यांची थोडी मदत होते, नाही असे नाही. परंतु हे काम पाटीवरही होते आणि तेथे विजेची वाट पाहावी लागत नाही. म्हणून निवड करताना शिक्षकांनी प्रथम एवढेच पाहावे : यंत्र मुलास आज्ञा करते, की मूल यंत्रास?

मूल यंत्रास आज्ञा करील अशी ‘लोगो’ ही भाषा १९६७ साली अमेरिकेत तयार झाली. सेमूर पेपर्ट व सिंथिया सॉलोमन हे तिच्या निर्मात्यांपैकी होत. पुढे या भाषेत ‘कासव’ आले. मुलाने सांगावे तेवढे ते पुढे जाते, सांगावे तेवढे वळते आणि मागे रेघ ठेवते.

‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असे चार वेळा सांगितले की चौरस होतो. खरा पाठ त्रिकोणापासून सुरू होतो. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे मुलांस पाठ असते. म्हणून ती वळणही ६० सांगतात. तीन रेघा होतात, पण आकृती मिटत नाही; अर्धा षटकोन काढून कासव थांबते. अशा वेळी शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. एका मुलास अंगणात कासव करावे, जमिनीवर फक्कीने त्रिकोण आखून त्याच्या कडेने चालावयास लावावे. कोपऱ्यावर आपण आतील कोनाएवढे नव्हे, तर त्याच्या बाह्यकोनाएवढे, म्हणजे १२० अंश वळतो, हे त्याच्या पायांस कळते. फेरी पुरी होऊन तोंड पूर्वीच्या दिशेस आले म्हणजे एकंदर ३६० अंश वळणे झाले. मग पंचकोनासाठी ३६० भागिले ५, म्हणजे ७२, हे मुले आपण होऊन काढतात. एखाद्याने ७२ ऐवजी १४४ सांगितले तर पाच टोकांची चांदणी उमटते. ती का उमटली, हा प्रश्न वर्गास अवश्य घालावा.

मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन निराळे शब्द आहेत, हे सोयीचेच आहे. मोफत वस्तूस मोल पडत नाही, एवढेच. मुक्त आज्ञावली मात्र शेजारच्या शाळेस उतरवून देता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलताही येते. तसा परवानाच तिच्यासोबत असतो. रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्या शाळेत २००७ साली मुलांस लहान संगणक मिळाले, त्यांवरील ‘शुगर’ ही प्रणाली या प्रकारची असून तीत कासवही आहे. ‘पायथॉन’ या मुक्त भाषेतही कासव आहे. त्याच्या इंग्रजी आज्ञांस ‘पुढे’, ‘उजवीकडे’ अशी मराठी नावे देणे हे जाणत्या तरुणाचे काही मिनिटांचे काम होय. आकडे मात्र इंग्रजी वळणाचेच लिहावे लागतात.

अशा कासवावर गावच्या गणिताचे पाठ बसवावेत. एक पाऊल एक फूट धरले, तर ३३ पावलांच्या बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा. ‘आता चार गुंठ्यांचा चौरस काढा’ असे सांगताच बहुतेक मुले बाजू चौपट करतील, आणि पडद्यावर सोळा गुंठे उभे राहतील! बाजू दुप्पट पुरते हे त्यांस आकृतीच दाखवील.

शाळेत संगणक एकच असला तरी अडत नाही. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने आज्ञा पाटीवर लिहाव्यात, दुसऱ्याने त्या अंगणात चालून पाहाव्यात आणि मगच जोडीने यंत्रापाशी यावे. चुकलेल्या आज्ञा पुसू देऊ नयेत. वहीत त्या उतरवून शेजारी कासवाने काढलेली आकृती काढून घ्यावी.