चढावर थांबणारी मोटार

आजच्या मोटारींत दोष नोंदवून ठेवणारें यंत्र असतें. जुन्या मोटारीस तें नाहीं. मुंबईंत २०२३ सालापर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्या पिढीच्या मोटारींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्बोरेटर करतो, आणि ठिणगी कॉइल, पॉइंट व कंडेन्सर यांच्या साहाय्यानें पडते. तेथें दोष शोधावयाचा तो डोळ्यांनीं, कानांनीं व विचारानें.

माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांपाशीं अशीच एक जुनी मोटार आहे. दर रविवारीं ते वाईहून पांचगणीस आपल्या आजारी बहिणीच्या भेटीस जातात. एका वर्षीं पावसाळ्यानंतर ही मोटार पसरणीच्या घाटांत आचके देऊन थांबूं लागली. अर्धा तास थांबलें कीं पुन्हां सुरू होई; कांहीं वळणें चढून पुन्हां तोच प्रकार. कारागिरानें कार्बोरेटर धुतला. गांवांत फेरी मारून पाहिली, तर मोटार उत्तम! पुढच्या रविवारीं पुन्हां घाटांत मुक्काम. मग प्लग बदलले, मग कॉइल, मग पेट्रोलचा पंप. पैसा गेला तो गेलाच. पण तिकडे बहीण दुपारपर्यंत दाराशीं वाट पाहत बसे. शेवटीं त्यांनीं मोटार भंगारांत काढण्याचें ठरविलें.

मी कांहीं कारागीर नव्हे. पदार्थविज्ञान शिकवितों, एवढेंच. मीं त्यांना एक वही घालावयास सांगितलें. मोटार किती अंतरावर थांबली, टाकींत पेट्रोल किती होतें, इंजिन एकाएकीं बंद पडलें कीं आचके देत, हें सारें जागच्या जागीं लिहावयाचें. दिवा मालवावा तसें इंजिन क्षणांत बंद पडलें, तर बहुधा ठिणगीचा दोष असतो. आचके देत मंदावलें, तर बहुधा पेट्रोल अपुरें पडतें. येथें आचके होते. परंतु वहींतील दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक निघाली: टाकी काठोकाठ भरलेली असली कीं मोटार लवकर थांबे!

बॉइलनें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तुम्हांस ठाऊक आहे. भरलेल्या टाकींत वर २ लिटर हवा आहे असें समजा. १ लिटर पेट्रोल खर्च झालें व बाहेरून हवा आंत आली नाहीं, तर तीच हवा ३ लिटर जागा व्यापील व तिचा दाब दोनतृतीयांश होईल. हवा २० लिटर असती, तर दाब जेमतेम एकविसाव्या हिश्शानें उतरला असता. (पेट्रोलच्या वाफेचा हिशेब तूर्त सोडून देऊं.) आंतून अशी ओढ लागल्यावर पंपानें पेट्रोल खेंचावें कसें? चढावर तर तें अधिकच लागतें.

टाकींत हवा यावी म्हणून पुष्कळ जुन्या मोटारींच्या झांकणास बारीक छिद्र असतें. चौकशी करतां कळलें कीं, पहिलें झांकण पावसाळ्यांत हरवलें होतें. त्याजागीं कुलपाचें नवें, बिनछिद्राचें बसविलें होतें. कारागीर तपासणीपूर्वीं पेट्रोल पाहण्यासाठीं तेंच झांकण उघडी, आणि हवा आंत शिरून पुरावा पुसला जाई! घाटांत मात्र टाकी भरलेली. झांकण कोण कशाला उघडतो?

पुढच्या रविवारीं मी बरोबर गेलों. सातव्या वळणावर मोटार थांबली. इंजिन बंद करून, जवळपास विडी-काडी नाहीं हें पाहून, केवळ झांकण उघडलें. दुसऱ्या कशालाही हात लावला नाहीं. ‘सूं’ असा स्पष्ट आवाज झाला व मोटार तत्काळ सुरू झाली. आवाज झाला नसता, तर जागेवरच ठिणगी पाहावी लागली असती. कारण कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर बिघडतो व निवला कीं पुन्हां चालतो, आणि गॅरेजांत पोंचेपर्यंत तो निवलेलाच असतो.

छिद्राचें झांकण अल्प किंमतींत मिळालें. काढून टाकलेली ती निर्दोष कॉइल त्यांनीं शाळेस दिली. दहावीच्या वर्गांत विद्युत्प्रवर्तन मी आतां तिच्यावरच शिकवितों.