आंतरराष्ट्रीय संबंध: पदवीला दुय्यम विषय म्हणून घ्यावा का?



इंटरचा निकाल लागला की आपल्या शाळेची जुनी मुले-मुली विषय निवडण्याचा सल्ला घ्यायला येतात. कोणी नांदेडला जाणार असते, कोणी यवतमाळला, कोणी हैदराबादला. मुले विचारतात, "सर, आंतरराष्ट्रीय संबंध हा मायनर घेऊ का?" सोबत आलेले वडील विचारतात, "त्याने पोट भरेल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून हा लेख.

मायनर म्हणजे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा दिला. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची. त्यात मुख्य विषयाला किमान ६० आणि मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, किमान २४ श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे सत्रात साधारण १५ तास शिकवणी. या हिशेबाने मायनरचे ३६० तास होतात. राज्य आणि विद्यापीठ बदलले की हा हिशेब थोडाफार बदलतो. ३६० तासांत कोणी राजदूत होत नाही. पण देशादेशांतले व्यवहार कसे चालतात हे समजण्याची बैठक मात्र तयार होते.

या विषयात शिकवतात काय?

राष्ट्र कोणाला म्हणावे, सार्वभौमत्व म्हणजे काय, युद्ध का होते, तह कसा टिकतो, व्यापार कोणाच्या अटींवर चालतो, संयुक्त राष्ट्रसंघ काय करू शकतो आणि काय नाही. हे सर्व दूरचे वाटते, पण याचे पहिले धडे आपल्या जिल्ह्यातच सापडतात.

पहिला धडा १९४८ चा. तेव्हा आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे पाठवली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेची बैठक झाली. भारताचे म्हणणे होते की हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, त्यामुळे त्याला इथे तक्रार करण्याचा अधिकार नाही. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती दिली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेत असल्याची तार केली. १७ सप्टेंबरला आपण झेंडा फडकवतो, त्या तारखेमागे हा प्रश्नही आहे: राष्ट्र कोण, हे ठरवते कोण? आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात हा प्रश्न पुनःपुन्हा येतो.

दुसरा धडा सीमेचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, तर नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसा, कुबीर हा भाग आपल्याकडे आला. एका घरातली सोयरीक दोन राज्यांत विभागली गेली. आजही केरामेरी मंडल आणि जिवती तालुका यांच्यामधल्या परमडोली, मुकदमगुडा अशा गावांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथल्या लोकांकडे दोन-दोन राशनकार्डे आणि दोन मतदार ओळखपत्रे आहेत. सीमा नकाशावर रेघ असते, पण माणसाच्या घरात ती राशनकार्ड होऊन येते.

दोन पाण्यांची तुलना

आता मुख्य मुद्दा. राज्याराज्यांतले भांडण आणि देशादेशांतले भांडण यांत फरक काय? गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचा वाद घ्या. आंध्र प्रदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे. देखरेखीला समिती नेमली. कोणाला निकाल आवडो न आवडो, दोन्ही राज्यांच्या वर एक न्यायालय आहे.

सिंधू नदीचे तसे नाही. भारत-पाकिस्तानचा पाणीकरार १९ सप्टेंबर १९६० रोजी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही तो टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एका लवाद न्यायालयाने आपला निर्णय दिला, तर ते न्यायालयच आपल्याला मान्य नाही असे भारताने सांगितले. देशांच्या वर सर्वांना हुकूम सोडणारा कोणी नाही. मग देश एकमेकांशी कसे वागतात, शब्द का पाळतात, कधी मोडतात? आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय याच प्रश्नावर उभा आहे. एवढे ज्याला नीट समजले त्याचा पाया पक्का झाला.

कपाशीच्या गाडीपर्यंत

आपले घर कपाशीवर चालते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्याच हंगामाच्या तोंडावर दोन गोष्टी घडल्या. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. ही सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या अनेक मालांवर एकूण ५० टक्के शुल्क लावले. त्यात कापडही होते. एक निर्णय दिल्लीचा, एक वॉशिंग्टनचा, आणि काळजी मात्र आदिलाबादच्या मार्केट यार्डात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला. भाव का हलतो हे त्याला समजावून सांगणारा गावात कोणी तरी हवा. तो आपल्यापैकीच असला तर अधिक बरे.

पोटापाण्याचे काय?

स्पष्ट सांगतो: नुसत्या मायनरवर नोकरी मिळत नाही. मुख्य विषय पोटाचा घ्या आणि हा विषय त्याला जोडा. बी.कॉम.ला जोडला तर निर्यात व्यापार आणि कस्टमचे नियम समजायला सोपे जातात. अर्थशास्त्र, इतिहास किंवा पत्रकारितेला जोडला तर लेखनाला वजन येते. परकीय भाषेला जोडला तर अनुवादाची वाट उघडते. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात अरबी, स्पॅनिश, रशियन अशा भाषा शिकवतात.

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात हा विषय आहे. 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेतला तर त्याचे २५० गुणांचे दोन पेपर असतात. ही परीक्षा मराठीतूनही लिहिता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावात जन्मलेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

भाषेविषयी एक गोष्ट. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. माध्यमामुळे समज कमी होत नाही. पण या विषयाचे बहुतेक करार, अहवाल आणि ग्रंथ इंग्रजीत आहेत. त्यामुळे रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान वाचण्याची तयारी नसेल तर हा विषय घेऊ नका.

प्रवेशाआधी कॉलेजात हे विचारा

१. हा मायनर शिकवायला कायम प्राध्यापक आहेत का?
२. तीन वर्षांत कोणकोणते पेपर आहेत, आणि त्यांत भारताच्या परराष्ट्र धोरणाचा पेपर आहे का?
३. गुणपत्रिकेवर मायनरचे नाव छापून येते का?

तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली तरच अर्ज भरा. फी आई-वडिलांच्या कष्टाची आहे.

घरचा अभ्यास (नववी व दहावीसाठी)

१. आपल्या घरातले किंवा शेजारचे कोणी आखाती देशात कामाला गेले असल्यास, त्यांना कोणकोणती कागदपत्रे लागली याची यादी करा.
२. बाभळी आणि सिंधू यांच्यात तुम्हाला दिसलेले तीन फरक लिहा.
३. एका आठवड्यातील कापसाचे भाव लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यातील परदेशाची एक बातमी त्याशेजारी लिहा. दोन्हींचा संबंध आहे का, हे विचार करून मांडा.

उत्तरे मराठी, हिंदी, तेलुगू, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत लिहा. वह्या सोमवारी कार्यालयात जमा कराव्यात.