तीन महिने उभी राहिलेली गाडी

प्रश्न : भातलावणी आटपून जुलैअखेर कोकणातून पुण्याला आलो. सोसायटीसमोरचा रस्ता खणलेला होता, त्या चिखलातूनच गाडी आत आणली आणि त्याच रात्री मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलो. गाडी तीन महिने जागची हलली नाही. परतल्यावर बाहेर काढली तेव्हा आधी चाकांतून धप्‌धप् असा आवाज येत होता, तो दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबला. पण ताशी 80 च्या आसपास स्टिअरिंग हातात थरथरतं. 40 ला काही जाणवत नाही, ब्रेक दाबल्यावरही थरथर वाढत नाही. लोणावळ्याला जाऊन आलो तरी फरक पडला नाही. गॅरेजमध्ये चारही टायर बदलायला सांगतात. टायर तीन वर्षांचे आहेत. बदलावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इतक्यात बदलू नका. तुम्ही जे बारकाईने टिपलंत, त्यातच बरंचसं निदान आहे. तुमच्या गाडीला दोन वेगवेगळे त्रास झालेत. त्यातला पहिला आपोआप बरा झाला आहे.

धप्‌धप् आवाजाचं आधी सांगतो. साधारण हजार किलोच्या गाडीत प्रत्येक चाकावर अडीचशे किलोच्या आसपास भार येतो आणि टायरची जेमतेम पोस्टकार्डाएवढी जागा जमिनीला टेकलेली असते. तेवढा भाग सपाट दाबलेला राहतो. तुम्ही घाट चढून, लांबचा पल्ला मारून आलात, म्हणजे टायर गरम होते. रबराखालच्या थरात नायलॉनचे धागे असतात. ते गरम असताना सैल पडतात आणि गार होताना ज्या आकारात असतील त्या आकारात आखडतात. त्यात उभ्या टायरमधली हवा महिन्याला एक-दोन पीएसआयने उतरत जाते, म्हणजे सपाटी आणखी वाढते. गाडी चालू लागली की प्रत्येक फेऱ्याला तो चपटा भाग जमिनीवर आपटतो. टायर पुन्हा तापले की धागे सैल होतात आणि गोलाई परत येते. दहा-पंधरा किलोमीटरनंतर आवाज थांबला तो यामुळेच. लांबच्या फेरीनंतरही तो राहिला असता, तर टायर कायमचा बसला असं म्हणावं लागलं असतं.

थरथर मात्र टायर तापल्यावरही गेली नाही. ती ठरावीक वेगालाच येते आणि हातात जाणवते. हातात म्हणजे पुढची चाकं. मागच्या चाकांचा दोष बहुधा सीटमधून जाणवतो. ही लक्षणं चाकाचा तोल गेल्याची आहेत, आणि माझा संशय त्या खणलेल्या रस्त्यावर आहे. पातळ चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसला. गाडी उभी राहिल्यावर तो ओघळून खालच्या भागात साचला आणि तीन महिन्यांत विटेसारखा वाळला. बाहेरून व्हील कव्हर स्वच्छ दिसतं, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मूठभर चिखलाने एवढं होतं का? हिशेब करून पाहू. पंधरा इंची रिमच्या चाकाचा घेर सुमारे 1.95 मीटर धरा. ताशी 80 ला ते सेकंदात अकराहून जास्त फेरे घेतं. रिमच्या कडेला 20 ग्रॅम जास्तीचं वजन असेल, तर ते या वेगाला चाकाला दोन किलोच्या ओढीने हिसका देतं आणि दर फेऱ्याला त्या ओढीची दिशा फिरते. वेग निम्मा केला की ओढ एक चतुर्थांश होते, म्हणून 40 ला तुम्हाला काही कळत नाही. शिवाय सेकंदाला दहा-पंधरा हिसके हा पुढच्या चाकांचा आणि सस्पेन्शनचा स्वतःचा ताल आहे. दोन्ही जुळले की थरथर स्टिअरिंगपर्यंत पोचते. आणि तुमच्या चाकात 20 ग्रॅमहून कितीतरी जास्त चिखल असू शकतो.

तेव्हा चाकं काढून घ्या आणि रिम आतून खरवडून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. खरवडताना चिकटवलेलं शिशाचं किंवा लोखंडाचं वजन निघणार नाही एवढं पाहा. मग हवा बरोबर भरून बॅलन्सिंग करून घ्या. चिखल न काढता बॅलन्सिंग केलं, तर त्या चिखलासकट तोल साधला जाईल आणि पुढच्या पावसात तो सुटला की पुन्हा हेच. अलाइनमेंटने ही थरथर जाणार नाही. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतो, त्यावरचा तो इलाज आहे. चाकं उतरवलेली असतील तेव्हा टायरच्या बाजूवर कुठे फुगा आलाय का, हे हात फिरवून पाहा. फुगा दिसला तर मात्र तो टायर त्याच दिवशी बदला, त्यात चालढकल नको.

एवढं करूनही थरथर राहिली, तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघा. स्टिअरिंग शांत झालं आणि सीट थरथरू लागली, तर दोष त्या चाकांतच आहे. काहीच फरक पडला नाही, तर टाय रॉड, बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग तपासायला सांगा. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढली असती, तर डिस्ककडे बोट दाखवलं असतं. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर पॅडखाली गंजाचा ठसा उमटतो, पण तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

पुढच्या वेळी इतके दिवस जाणार असाल तर चाकं आतून धुऊन, थोडी चालवून, कोरडी करूनच गाडी लावा. हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, मात्र टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत, आणि परतल्यावर ती कमी करा. हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावा, नाहीतर पावसाळ्यात मागचे ब्रेक चिकटतात. किल्ली शेजाऱ्यांकडे दिलीत तर त्यांना नुसतं इंजिन चालू करायला सांगू नका. त्याने टायरला काहीच होत नाही. आठवड्यातून एकदा गाडी दीड-दोन फूट सरकवायला सांगा, एकदा पुढे, एकदा मागे.