भाकरीतली साखर आणि उपोसथाचा दिवस



वस्तीत शुगर तपासायला बसलो की एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो : "ताई, चहा बिनसाखरेचा पितो, गोडाला हात लावत नाही, मग शुगर वाढते कशी?"

कोरड्या भाकरीचा घास तोंडात घ्या, गिळू नका, दोन मिनिटं चावत राहा. गोडसर लागू लागेल. भाकरी, भात, बटाटा यांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. लाळेतलं अमायलेज ती तोंडातच तोडू लागतं. उरलेलं काम लहान आतड्यात होतं आणि सुटा ग्लुकोज रक्तात उतरतो. म्हणजे ताटभर भात हीही साखरच. रेशनच्या पांढऱ्या तांदळावर कोंडा नसतो, त्यामुळे तिला फारसा उशीरही लागत नाही.

गंमत म्हणजे ज्वारीच्या कडब्यातही ग्लुकोजचेच मणी असतात. पण सेल्युलोजमध्ये त्यांची गाठ वेगळी असते. ती सोडवणारं पाचकद्रव्य आपल्याकडे नाही. बैलाच्या पोटातल्या जंतूंकडे आहे.

आता वर्षावासाबद्दल. पौर्णिमेला उपोसथ धरणाऱ्या आपल्या आया-बाया दुपारी बारानंतर जेवत नाहीत. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर औषध साखर खाली ओढत राहतं आणि पोटातून नवी येत नाही. मग दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, कधी असंबद्ध बोलणं. याला "उपासाचा अशक्तपणा" म्हणून झोपवून ठेवतात, ते फार धोक्याचं.

अशा वेळी भाकरी देऊ नका, लांब माळ तुटायला वेळ लागतो. घरातली साखर दोनच मण्यांची, एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर जेवण द्या, घड्याळ बघू नका. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

शील मोडेल म्हणून साखर नाकारणाऱ्यांना आम्ही विनयाची आठवण देतो. आजारी भिक्खूला मध आणि काकवी दुपारनंतरही औषध म्हणून घेण्याची मुभा तथागतांनीच दिली आहे.

गोळी मनाने बंद करू नका. पौर्णिमेच्या आधीच डॉक्टरांना विचारा, की त्या दिवशी कोणती घ्यायची, किती आणि केव्हा.