या आठवड्याचा अभ्यास : वाणीचा संयम



4 जून 1944. पश्चिम आफ्रिकेजवळच्या समुद्रात अमेरिकन नौदलाने जर्मनीची 'यू-505' पाणबुडी पकडली. बुडत्या पाणबुडीत नऊ जण उतरले, आत शिरणारं पाणी बंद केलं आणि गुप्त संकेतांची पुस्तकं बाहेर काढली. 59 जर्मनांपैकी एक दगावला, 58 कैद झाले.

खरी परीक्षा पुढेच होती. बातमी फुटली असती तर जर्मनीने लगेच संकेत बदलले असते. म्हणून सुमारे 3000 खलाशांनी युद्ध संपेपर्यंत ही गोष्ट पोटात ठेवली.

पण या मौनाला दुसरी बाजूही होती. कैदी लुईझियानाच्या छावणीत जिवंत होते, आणि जर्मनीत त्यांच्या घरच्यांना ते गेल्याचं कळवलं होतं.

यातून आपण काय घ्यायचं? नुसतं गप्प राहणं म्हणजे संयम नव्हे. आपल्या बोलण्याने कुणाचं नुकसान होत असेल तर ओठ मिटावे. आपल्या गप्प बसण्याने कुणी झुरत असेल तर आधी बोलावं.

*करून बघू:* मेसेज पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबू. आणि ज्यांच्याशी अबोला धरलाय, अशा एकाला तरी आज फोन लावू.