विमाने, पाखरे आणि ड्रोन

पाखरांकडे पाहूनच मानवाला उडण्याची हौस वाटू लागली. परंतु आकाश दोघांचे झाल्यावर दोघांची टक्कर अटळ ठरली. १९१२ साली कॅलिफोर्नियात कॅल रॉजर्स हा वैमानिक समुद्रपक्ष्याच्या धडकेने विमान कोसळून मरण पावला. १९६० साली बॉस्टन येथे साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांचा थवा इंजिनांत शिरला आणि ६२ जणांचे प्राण गेले.

एवढेसे पाखरू एवढ्या प्रचंड यंत्राला भारी कसे पडते? याचे उत्तर वेगात आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. शिवाय जेट इंजिन हवेबरोबर पाखरूही आत ओढते आणि त्याची पाती मोडतात.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाला सुमारे २,८०० फुटांवर रानहंसांचा थवा धडकला. दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले आणि सर्व १५५ जण वाचले. पुढे काय झाले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याच उन्हाळ्यात शहरात कायम वस्तीला असलेले हजाराहून अधिक हंस मारण्यात आले. परंतु इंजिनांत सापडलेली पिसे शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा धडकलेले हंस कॅनडातील लाब्राडोरकडून आलेले पाहुणे होते असे आढळले. म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला!

माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. आधी नीट पाहावे, मग उपाय करावा. ड्रोनचा, म्हणजे जमिनीवरून चालवल्या जाणाऱ्या वैमानिकरहित छोट्या विमानाचा, खरा उपयोग पाहण्यासाठी आहे. विमानतळावरचा पहारेकरी दुर्बीण घेऊन जीपमधून फिरतो. दलदल, नाल्याची पलीकडची बाजू, इमारतींची छपरे त्याला दिसत नाहीत. ड्रोन तेथे पोहोचतो. उष्णता टिपणारा कॅमेरा बसवला तर रात्री गवतात दडलेला कोल्हा किंवा कुत्राही दिसतो. रोज ठरावीक वेळी छायाचित्रे घेतली की कोणता पक्षी कोणत्या ऋतूत, किती वाजता, कशाच्या ओढीने येतो याचा नकाशा तयार होतो. ओढ बहुधा पाण्याची, किड्यांची किंवा उकिरड्याची असते. आपल्या देशात विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत कचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास १९३७ च्या विमान नियमांनी मनाई केली, ती याचसाठी.

हाकलण्याचे काम अधिक अवघड आहे. शेतातले बुजगावणे चार दिवसांत पाखरांच्या ओळखीचे होते, मग ती त्याच्याच डोक्यावर बसतात. फटाक्यांचेही तसेच होते. म्हणून २०१७ साली कॅनडातील एडमंटन विमानतळावर ससाण्यासारखा दिसणारा, पंख हलवणारा ड्रोन वापरण्यात आला. २०१८ साली आदित्य परांजपे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ड्रोनने अख्खा थवा वळवण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व कोणत्याही मेंढपाळाला पटेल. फार जवळ गेले तर कळप उधळतो, फार दूर राहिले तर तो जुमानत नाही.

अर्थात ड्रोन हाही आकाशातला एक अडथळाच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या बातमीने सुमारे हजार उड्डाणे विस्कळीत झाली. त्यामुळे नियंत्रण कक्षाच्या परवानगीवाचून तो उडवणे धोक्याचे आहे. त्याची विजेरीही थोडाच वेळ टिकते आणि घरट्यांजवळ नेल्यास पक्षी बिथरतात.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. मे २०२४ मध्ये मुंबईत उतरणाऱ्या विमानाला धडकून घाटकोपरला तीसहून अधिक रोहित पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले, म्हणून आपण ते विसरलो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि त्याच परिसरातील खाडीकाठी रोहितांचे थवे उतरतात. पाणथळ जागा बुजवल्या की पाखरे नाहीशी होतील, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. भुकेले पाखरू दुसरी जागा शोधते, आणि ती धावपट्टीलगतची असली तर? त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा व भरती-ओहोटीच्या वेळा आधी टिपून घ्याव्यात आणि त्या पाहून उड्डाणांची काळजी घ्यावी. प्रवाशांचा जीव आणि पाखरांचा जीव, दोन्ही वाचवायचे असतील तर हाती बंदूक घेण्याआधी डोळे उघडले पाहिजेत.